मुठी वर गेल्या तेव्हा मुरबाडात उजाडत होतं

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत, आश्रमशाळेत परिपाठाच्या वेळी जाऊन उभं राहावं. ‘सावधान’ म्हटलं की पहिलीतलं पोरही हात मांडीला चिकटवतं. बावन्न सेकंद अंगावर माशी बसली तरी उडवत नाही. राष्ट्रगीताचा मान इकडच्या माणसाला नव्याने शिकवावा लागत नाही. म्हणूनच जगात कुठे एखादा खेळाडू राष्ट्रगीत चालू असताना गुडघा टेकतो किंवा ओठ मिटून उभा राहतो अशी बातमी आली, की एसटी स्टँडवरच्या टपरीवर पहिलं वाक्य ठरलेलं असतं : खेळायला गेलात ना, मग खेळा. दुसरं वाक्य याहून कडक असतं, आणि त्यात देशद्रोह हा शब्द असतो.

हे बोलणारी माणसं मनापासून बोलतात, म्हणून त्यांना उत्तरही तितक्याच मनापासून द्यायला हवं. या सगळ्या वादाचं मूळ ज्या दोन दिवसांत आहे ते मी इथे तासातासाने मांडतो आहे. त्यातल्या दोन खेळाडूंचा सर्वनाश झाला तो नेमका कोणत्या घटकेला, आणि तो कुणी केला, एवढंच मला दाखवायचं आहे. मेक्सिको सिटीचं घड्याळ आपल्यामागे साडेअकरा तास चालतं. तिथे संध्याकाळ होते तेव्हा इकडे दुसऱ्या दिवसाची पहाट झालेली असते.

बुधवार, १६ ऑक्टोबर १९६८. मेक्सिकोत सकाळ, आपल्याकडे रात्र

दिवाळी पाच दिवसांवर. मुरबाड-शहापूरकडे भातकापणीचे दिवस. मेक्सिकोत एकोणिसावं ऑलिम्पिक सुरू होऊन चार दिवस झाले आहेत. समुद्रसपाटीपासून २२४० मीटर उंची, विरळ हवा. लांब धावणाऱ्यांचा जीव जातो, पण वेगाने धावणाऱ्यांना ती हवा मदत करते. त्याच शहरात दोनच आठवड्यांपूर्वी, २ ऑक्टोबरला, त्लातेलोल्को चौकात जमलेल्या विद्यार्थ्यांवर सरकारने गोळीबार केला होता. मृतांचा खरा आकडा सरकारने कधी बाहेर येऊ दिला नाही. खेळ मात्र ठरल्या दिवशी सुरू झाले.

क्रीडाग्रामात अमेरिकेचे धावपटू टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस आहेत. स्मिथ चोवीस वर्षांचा, टेक्सासमधल्या बारा भावंडांच्या घरातला. लहानपण दुसऱ्याच्या शेतात राबण्यात गेलं. कार्लोस न्यूयॉर्कच्या हार्लेममधला. दोघेही कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट कॉलेजचे. तिथला समाजशास्त्राचा तरुण प्राध्यापक हॅरी एडवर्ड्‌स याने आदल्या वर्षी काळ्या खेळाडूंची एक चळवळ उभी केली होती. मागण्या साध्या होत्या. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिका आणि ऱ्होडेशिया यांना खेळांतून बाहेर ठेवा. व्हिएतनाम युद्धात जायला नकार दिला म्हणून मुहंमद अलीचा काढून घेतलेला किताब परत द्या. काळे प्रशिक्षक नेमा. आणि आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज यांना हटवा.

आधी विचार होता ऑलिम्पिकवरच बहिष्कार घालायचा. त्यावर एकमत झालं नाही. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. शेवटी ठरलं ते असं : जायचं, धावायचं, आणि ज्याला जे सांगायचं असेल त्याने ते आपापल्या पद्धतीने सांगायचं.

खेळायला गेलात तर खेळा, असं म्हणणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. हे दोघे खेळायलाच गेले होते.

दुपार

दोनशे मीटरची उपांत्य फेरी. दोघेही आपापली शर्यत जिंकतात. पण रेषा ओलांडल्यावर स्मिथ लंगडायला लागतो. जांघेतला स्नायू दुखावला आहे. अंतिम फेरी त्याच दिवशी, काही तासांवर. बर्फ लावला जातो, पट्टी आवळली जाते. काही तासांनी विश्वविक्रम करणारा माणूस त्या दुपारी उभा राहू शकेल की नाही याचीच खात्री नसते.

संध्याकाळी सहाच्या आत. मुरबाडात पहाटेचे सव्वापाच-साडेपाच

स्मिथ तिसऱ्या लेनमध्ये, कार्लोस चौथ्या. सहाव्या लेनमध्ये ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन, मेलबर्नचा गोरा शिक्षक, ज्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष नाही. वळणावरून बाहेर पडताना कार्लोस पुढे. मग स्मिथ लांब टांगा टाकत त्याला मागे सोडतो, आणि शेवटचे काही मीटर राहिलेले असतानाच दोन्ही हात वर करतो. १९.८३ सेकंद, नवा विश्वविक्रम. हात वर केले नसते तर वेळ किती झाली असती, हा प्रश्न आजही धावण्याच्या मैदानांवर निघतो. नॉर्मन शेवटच्या ढांगांत कार्लोसला गाठतो : २०.०६. कार्लोस २०.१०.

नॉर्मनची ही वेळ ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय विक्रम म्हणून डिसेंबर २०२४ पर्यंत टिकली. गाउट गाउट नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाने ती मोडली, आणि त्याचे आईवडील दक्षिण सुदानमधून आलेले. नॉर्मनला ही गोष्ट फार आवडली असती.

मंचावर जाण्यापूर्वीचा वेळ

या मधल्या वेळेबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि मला तर सगळ्यांत जास्त इथेच रेंगाळावंसं वाटतं. स्टेडियमच्या पोटातल्या एका खोलीत तिघे पदकवीर बसले आहेत. स्मिथकडे काळ्या हातमोज्यांची एक जोडी आहे. कार्लोस आपली जोडी क्रीडाग्रामात विसरून आलेला. दोघे काय करायचं ते आपसात बोलत आहेत आणि नॉर्मन ऐकतो आहे. तो साल्व्हेशन आर्मीच्या धार्मिक घरात वाढलेला. त्याच्या स्वतःच्या देशात गोऱ्यांनाच वसू देणारं धोरण अजून पुरतं संपलेलं नव्हतं, आणि त्याला ते मान्य नव्हतं. माणसाच्या हक्कांवर तुझा विश्वास आहे का, असं त्याला विचारलं गेलं. त्याने हो म्हटलं, आणि मी तुमच्याबरोबर उभा राहीन असंही सांगितलं. एक जोडी दोघांत वाटून घ्या, एक उजवा आणि एक डावा, ही सूचना त्याचीच. त्या छायाचित्रात स्मिथची उजवी मूठ आहे आणि कार्लोसची डावी, ती यामुळे.

नॉर्मनला चळवळीचा बिल्लाही हवा होता. तो त्याला मिळाला पॉल हॉफमनकडून. हॉफमन हा अमेरिकेच्या नौकापथकात सुकाणू सांभाळणारा गोरा विद्यार्थी. त्याने आपल्या छातीवरचा बिल्ला काढून दिला. पुढे त्याचीही झडती होणार होती.

संध्याकाळ उतरलेली. मुरबाडात उजाडतं आहे

तिघे येतात. स्मिथ आणि कार्लोस यांच्या पायांत बूट नाहीत, काळे मोजे आहेत, बूट हातात. अमेरिकेतल्या काळ्या माणसाचं दारिद्र्य दाखवण्यासाठी, असं त्यांनी पुढे सांगितलं. आपल्याकडच्या पाड्यांवरून शाळेत अनवाणी येणारी आणि तालुक्याच्या स्पर्धेत अनवाणीच पहिली येणारी पोरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या मोज्यांचा अर्थ कुणी फोडून सांगायला नको. स्मिथच्या गळ्यात काळा रुमाल. कार्लोसच्या गळ्यात मण्यांची माळ, जमावाने फासावर लटकवलेल्या काळ्या माणसांच्या आठवणीसाठी. त्याच्या जाकिटाची चेन उघडी आहे. ती राबणाऱ्या माणसांसाठी.

पदकं देतात ब्रिटनचे लॉर्ड एक्सेटर, स्वतः १९२८ च्या ऑलिम्पिकचे अडथळा शर्यतीचे सुवर्णविजेते. तिघे ध्वजांकडे वळतात. अमेरिकेचं राष्ट्रगीत सुरू होतं. दोघे मान खाली घालतात, मूठ वर करतात, आणि गीत संपेपर्यंत तसेच राहतात.

त्यांनी काय काय केलं नाही तेही नीट पाहिलं पाहिजे. ध्वजाकडे पाठ केली नाही. तोंडातून शब्द काढला नाही. गीत थांबवलं नाही, कुणाला गायला आडकाठी केली नाही. बसले नाहीत, हलले नाहीत. आपल्या शाळेतल्या परिपाठात ‘सावधान’ म्हणतात त्यात आणि त्यांच्या उभं राहण्यात फरक होता तो एका वर गेलेल्या हाताचा आणि खाली गेलेल्या मानेचा. आधी स्टेडियम गप्प झालं. मग शिट्ट्या आणि हुर्यो सुरू झाली, आणि काहींनी चेव येऊन गीत मोठमोठ्याने म्हटलं.

इथवर कुणाचंही काहीही बिघडलेलं नव्हतं. एका देशाची दोन मुलं जिंकली होती, आणि आपल्या घरात काय दुखतं ते त्यांनी जगासमोर न बोलता दाखवलं होतं. घरातलं दुखणं बाहेर दाखवू नये, असं आपल्याकडे म्हणतात. पण घरात ऐकून घेणारं कुणी उरलं नाही तर दुखणाऱ्याने जायचं कुठे?

हे मी शहापूरच्या माणसाला सहज विचारू शकतो. भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणं आपल्या भागात. मुंबईच्या नळांना जे पाणी येतं त्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचं. आणि दर उन्हाळ्यात त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहत बाया हंडे घेऊन उभ्या राहतात. उद्या त्यांतल्याच एखादीची मुलगी मोठी धावपटू झाली, भारताचा झेंडा वर चढताना मंचावर ताठ उभी राहिली, आणि तिच्या हातात एक रिकामा हंडा असला, तर आपण तिला काय म्हणू? मला खात्री आहे की निदान शहापुरात तिला कुणी देशद्रोही म्हणणार नाही. मग स्मिथ आणि कार्लोस यांच्या काळ्या मोज्यांना तो शब्द का लावायचा?

मुरबाडच्या माणसाला तर याहून मोठी साक्ष घराजवळच आहे. सिद्धगडच्या जंगलात २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील गेले. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांनी आझाद दस्ता उभारून मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले होते. सरकारच्या कागदांत ते फरारी गुन्हेगार होते, पकडून देणाऱ्याला इनाम होतं. आज दर २ जानेवारीला लोक सिद्धगडावर जमतात आणि त्यांना मानवंदना देतात. मला दोन प्रसंग एका मापाने मोजायचे नाहीत. परक्या सत्तेशी लढणं वेगळं आणि आपल्याच देशाला जाब विचारणं वेगळं. स्मिथ आणि कार्लोस यांनी तर एक खिळाही उपटला नव्हता. पण सत्तेने कुणाला गुन्हेगार म्हटलं म्हणून तो देशाचा वैरी ठरत नाही, हे ज्या तालुक्याने स्वतः पाहिलं आहे, त्याने हा शब्द वापरताना हात आखडता घ्यावा.

गुरुवार, १७ ऑक्टोबर. दिवसभर

आता घड्याळ वेगाने धावतं. अमेरिकन ऑलिम्पिक समिती यजमानांची आणि आंतरराष्ट्रीय समितीची माफी मागते, आणि असं पुन्हा कुणी केलं तर गय नाही असं आपल्या बाकीच्या खेळाडूंना बजावते. प्रकरण इथे मिटू शकलं असतं. अमेरिकन समितीला ते इथेच मिटवायचं होतं, असंच दिसतं.

पण ब्रंडेज आणि त्यांच्या समितीला तेवढं पुरेसं वाटत नाही. खेळात राजकारण नको, हे त्यांचं ब्रीद. याच ब्रंडेज यांनी अमेरिकन समितीचे प्रमुख असताना १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकवर बहिष्कार घालू नये म्हणून आटापिटा केला होता. त्या बर्लिनमध्ये जर्मन खेळाडू विजयमंचावरून हात पुढे करून नाझी सलाम करत होते, आणि त्यावर ब्रंडेज यांनी कधी आक्षेप घेतला नाही. तो त्या राष्ट्राचा तेव्हाचा सलाम होता, अशी त्यांची बाजू. म्हणजे राष्ट्राच्या हुकमाने वर गेलेला हात चालतो, आणि राष्ट्राला प्रश्न विचारायला वर गेलेला हात चालत नाही. खेळात राजकारण नको असं आजही जे जे म्हणतात, त्यांनी हा हिशेब एकदा डोळ्यांखालून घालावा.

गुरुवारची रात्र

आंतरराष्ट्रीय समितीचा दबाव वाढतो : या दोघांवर कारवाई करा, नाहीतर अमेरिकेचा अख्खा संघ बाहेर काढू. अमेरिकन समितीच्या बैठका रात्री उशिरापर्यंत चालतात. त्या खोलीत काय पणाला लागलं होतं ते समजू शकतं. शेकडो खेळाडूंची चार वर्षांची मेहनत होती. कुणीतरी उलट म्हणायला हवं होतं की काढा आम्हाला, जगासमोर काढा. यजमान देश, दूरचित्रवाणी, सगळं जग बघत असताना अमेरिकेला खरोखर बाहेर काढायची हिंमत समितीला झाली असती असं मला वाटत नाही. पण समोरच्याची धमकी पारखून पाहण्यापेक्षा आपली दोन मुलं देऊन टाकणं सोपं होतं.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर. सकाळ. आपल्याकडे रात्र झालेली

निर्णय जाहीर होतो. टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस संघातून निलंबित. क्रीडाग्राम सोडा. अठ्ठेचाळीस तासांत मेक्सिको सोडा.

सर्वनाशाची घटका ती हीच. ती विजयमंचावर आली नव्हती, बंद खोलीतल्या टेबलावर आली, आणि दीड दिवस विचार करून आली. पदकं काढून घेतली असं पुष्कळ ठिकाणी छापून येतं, ते खरं नाही. पदकं त्यांच्याकडेच राहिली. बाकी जवळजवळ सगळं गेलं.

त्याच दिवशी दुपारी

बॉब बीमन लांब उडीत ८.९० मीटरची उडी मारतो आणि जग तोंडात बोट घालतं. चारशे मीटरमध्ये ली इव्हान्स ४३.८६ सेकंदांचा विश्वविक्रम करतो. इव्हान्स मित्रांच्या हकालपट्टीने इतका हलला होता की धावणारच नव्हता. तो आणि त्याचे दोन सहकारी काळ्या टोप्या घालून मंचावर येतात, आणि राष्ट्रगीताच्या वेळी त्या काढतात. त्यांना कुणी घरी पाठवत नाही. बर्लिनमध्ये चार सुवर्णपदकं जिंकलेला जेसी ओवेन्स खेळाडूंची समजूत घालायला पाठवला गेला होता. त्याचं कुणी फारसं ऐकलं नाही. बिल्ला देणाऱ्या हॉफमनला कटात सामील असल्याच्या संशयावरून शर्यतीच्या तोंडावर समितीसमोर उभं केलं गेलं, आणि तो कसाबसा सुटला.

याच खेळांत आठवडाभराने आणखी एक मान वळली. ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले होते. तिथली जिम्नॅस्ट व्हेरा चास्लावस्का सोव्हिएत राष्ट्रगीत वाजत असताना मान खाली घालून बाजूला वळवून उभी राहिली. ऑलिम्पिक समितीने तिला हात लावला नाही. तिला शिक्षा केली तिच्याच देशातल्या नव्या सरकारने. वर्षानुवर्षं तिला काम मिळू दिलं नाही. अमेरिका आणि कम्युनिस्ट प्राग या एका बाबतीत सारखेच वागले.

पुढची वर्षं

स्मिथ आणि कार्लोस घरी परतले ते धमक्यांच्या पत्रांकडे. विश्वविक्रमवीराला पोटापुरतं काम मिळेना. दोघांचे संसार त्या ताणाखाली मोडले. पुढे बऱ्याच वर्षांनी ते शाळा-कॉलेजांतल्या पोरांना शिकवायला लागले आणि तिथेच रमले. नॉर्मन १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकला गेला नाही. त्याला डावललं की नाही यावर ऑस्ट्रेलियात आजही वाद आहे. पण हयातभर त्याच्या वाट्याला जी उपेक्षा आली त्याबद्दल तिथल्या संसदेने २०१२ साली त्याची माफी मागितली. ऐकायला तो नव्हता. ३ ऑक्टोबर २००६ ला तो गेला, आणि मेलबर्नला त्याच्या शवपेटीला खांदा द्यायला स्मिथ आणि कार्लोस अमेरिकेहून आले होते.

२०१६ साली अमेरिकन फुटबॉलपटू कॉलिन केपरनिक पोलिसांच्या हातून मरणाऱ्या काळ्या माणसांसाठी राष्ट्रगीताच्या वेळी आधी बसून राहिला. मग एका माजी सैनिकाशी बोलल्यावर त्याने बसणं सोडून गुडघा टेकायला सुरुवात केली, कारण पडलेल्या साथीदारासाठी सैनिक गुडघा टेकतो. तो हंगाम संपल्यावर त्याला कुठल्याही संघाने घेतलं नाही. अठ्ठेचाळीस वर्षांनी, वेगळ्या खोलीत, वेगळ्या टेबलावर, तोच निकाल.

आपल्या देशाने मात्र या बाबतीत एक फार चांगली गोष्ट केलेली आहे, आणि ती आपल्यालाच माहीत नसते. १९८५ साली केरळात तीन शाळकरी भावंडांना शाळेतून काढलं, कारण ती राष्ट्रगीताला आदराने उभी राहत पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. ११ ऑगस्ट १९८६ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. न्यायमूर्ती चिनप्पा रेड्डी यांच्या त्या निकालाचं म्हणणं असं, की उभं राहणं हाच आदर. न गाण्याने अनादर होत नाही. १९७१ चा राष्ट्रीय सन्मानाचा कायदाही शिक्षा सांगतो ती गाण्यात मुद्दाम अडथळा आणणाऱ्याला किंवा गाणाऱ्या समूहात व्यत्यय आणणाऱ्याला, तीन वर्षांपर्यंत. गप्प राहिलेल्या ओठांना त्यात शिक्षा नाही. सिनेमागृहातली सक्तीदेखील सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या नोव्हेंबरात लावली आणि जानेवारी २०१८ मध्ये स्वतःच मागे घेतली. मुठीचा किंवा गुडघ्याचा प्रश्न या निकालांनी सोडवलेला नाही. पण दुसऱ्याच्या गाण्याला धक्का न लावता उभा असलेला माणूस गुन्हेगार नाही, एवढं तर या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. कॅमेरा खेळाडूंच्या ओठांवर नेऊन कोण गातं आणि कोण नाही हे मोजणाऱ्यांनी ते एकदा वाचावं.

अमेरिकन ऑलिम्पिक समितीने २०१९ साली स्मिथ आणि कार्लोस यांना आपल्या सन्माननीय खेळाडूंच्या यादीत घेतलं. शांततेने निषेध करणाऱ्या खेळाडूवर आपण यापुढे कारवाई करणार नाही, असं तिने डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केलं. आंतरराष्ट्रीय समितीने मात्र तोक्यो ऑलिम्पिकच्या आधी नियम सैल केला तो फक्त शर्यत सुरू होण्यापूर्वीच्या क्षणांपुरता. विजयमंचावरची मनाई तशीच ठेवली, आणि ती २०२४ च्या पॅरिसमध्येही लागू होती.